भिंतीवरचे गांधी आणि हातातले बिल

मोटारींच्या सर्व्हिस सेंटरमध्ये, बँकेत, विम्याच्या कचेरीत एक तसबीर हमखास टांगलेली असते. ग्राहक हा आपल्या दारी येणारा सर्वांत मोलाचा पाहुणा, तो आपल्यावर नव्हे तर आपण त्याच्यावर अवलंबून आहोत, अशा आशयाचा मजकूर आणि खाली महात्मा गांधींचे नाव. वर्धा जिल्ह्यात ही तसबीर पाहणाऱ्याला ती इथलीच वाटते. सेवाग्राम हाकेच्या अंतरावर असताना गांधींचे वाक्य गॅरेजच्या भिंतीवर दिसले तर त्यात नवल ते काय, असे आपण म्हणतो आणि हातातल्या बिलाकडे वळतो.

आम्ही मराठीचे अध्यापक. कोणताही उतारा समोर आला की तो कोणाचा, कोठून घेतला, हे विचारण्याची आमच्या धंद्याला सवय असते. ती सवय इथे लावून पाहिली तर गंमत होते. गांधींच्या संकलित वाङ्मयात हा मजकूर आढळत नाही. त्याचा जुना छापील आढळ १९४१ सालचा, अमेरिकेतला आहे आणि तो स्टुडबेकर या मोटार कंपनीचे विक्री विभागाचे उपाध्यक्ष केनेथ एलियट यांच्या नावे आहे. म्हणजे आपल्या गॅरेजांतून गांधींच्या नावाने टांगलेले हे वाक्य मुळात मोटारी विकणाऱ्या माणसाचे दिसते.

कर्तृत्वाची ही चूक दुरुस्त करून थांबावे एवढ्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. यंत्राची देखभाल आणि तिचा न्याय्य खर्च यांविषयी गांधींच्या पुढाकाराने तयार झालेला एक खरा मजकूर उपलब्ध आहे. तो कोणी भिंतीवर लावत नाही. तसबिरीतला मजकूर ग्राहकाची स्तुती करतो. हा दुसरा मजकूर मात्र दुरुस्तीला वर्षाकाठी किती खर्च यावा, असा थेट प्रश्न विचारतो. या दोहोंतील अंतर हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्याच्या शोधासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्याजोग्या आहेत. चरखा हलका असावा, सहज हलवता यावा, खेड्यातल्या साध्या झोपडीत हाताने अथवा पायाने चालवता यावा. एका स्त्रीला फार श्रम न पडता तो आठ तास चालवता आला पाहिजे आणि तेवढ्या वेळात ठरावीक प्रतीचे सोळा हजार फूट सूत निघाले पाहिजे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. यंत्र वेळच्या वेळी देखभाल केल्यास किमान वीस वर्षे चालावे. आणि या देखभालीचा खर्च दर वर्षी यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक होऊ नये.

दीडशे रुपयांचे पाच टक्के म्हणजे साडेसात रुपये. ते पारितोषिक अखेर कोणालाही मिळाले नाही. गांधी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले ते १९३६ मध्ये, या घोषणेनंतर सात वर्षांनी. पण आमच्या मते वर्ध्याच्या परिसरात यंत्रविचाराची जी परंपरा पुढे रुजली, तिचे सूत्र या शेवटच्या अटीत आहे. यंत्राची किंमत म्हणजे विकत घेतानाची किंमत नव्हे. ते चालते ठेवण्यासाठी दर वर्षी जे मोजावे लागते तेही तिच्यात धरले पाहिजे. आणि तो आकडा यंत्र घेणाऱ्याला आधी ठाऊक असला पाहिजे.

आज आपल्यापैकी अनेकांच्या दारात चारचाकी उभी आहे. एमएच ३२ ही अक्षरे मिरवणाऱ्या गाड्यांतल्या कितीतरी गाड्या आमच्यासारख्याच पगारदारांनी कर्ज काढून घेतलेल्या आहेत. गाडी घेताना सरासरी, हप्ता, रंग यांची चर्चा घरात आठवडाभर चालते. ती चालती ठेवायला वर्षाला काय लागेल, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. समजा सहा लाखांची गाडी आहे. वरील अटीचे माप लावले तर तिच्या देखभालीला वर्षाकाठी तीस हजारांच्या आत खर्च यावा. हे माप मोटारीसाठी केलेले नाही आणि गाडी जुनी होत जाते तसे ते ताणावेही लागेल. तरीही वर्षाअखेरीस सगळी बिले एकत्र करून एकदा बेरीज मांडून पाहावी. ज्याच्याजवळ बेरीज नाही, त्याला पुढचे अंदाजपत्रक महाग की स्वस्त, हे कशाशी ताडून सांगता येणार?

आता अंदाजपत्रकाच्या वाचनाकडे वळू. 'वाचन' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. गॅरेजात हाती पडणारा तो कागद हीदेखील एक संहिता आहे आणि बहुतेक सुशिक्षित माणसे तिची फक्त शेवटची ओळ वाचतात. कादंबरीचे शेवटचे पान वाचून परीक्षण लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण गुण देत नाही. पण 'एकूण किती झाले?' एवढेच विचारून 'फार होतात हो, काही कमी करा' म्हणणारा ग्राहक नेमके तेच करीत असतो.

या वाचनातही मूळ संहिता आणि भाष्य असा भेद करावा लागतो. गाडीबरोबर मिळालेले, डॅशबोर्डच्या खणात पडून असलेले पुस्तक ही मूळ संहिता. कोणते तेल, किती किलोमीटरनंतर, कोणता फिल्टर केव्हा, याचे कोष्टक तिच्यात छापलेले असते. अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत इंजिन ऑइल बदलण्याची मर्यादा साधारण दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते, अशी असते. अंदाजपत्रक हे त्या कोष्टकावरचे भाष्य आहे. भाष्यात मूळ संहितेपलीकडचे काही आले तर त्याला आधार विचारावा, ही आपल्या परंपरेची शिस्त आहे. इंजिन फ्लश, डीकार्बनायझिंग, एसीचे निर्जंतुकीकरण, गाडीच्या पोटाला कोटिंग, अशा ओळी कागदावर दिसल्या की त्या कोष्टकात आहेत काय, हे पाहावे. नसतील तर त्या आपोआप खोट्या ठरत नाहीत; कधी त्यांना कारण असते. पण ते कारण देण्याची जबाबदारी त्या ओळी लिहिणाऱ्याची आहे.

दुसरा मुद्दा निदानाचा. मागच्या वर्षी गॅस भरला, याही वर्षी भरायचा आहे, असे एसीबाबत सर्रास सांगितले जाते. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. तिच्यातला गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो दर उन्हाळ्यात लक्षणीय कमी होत असेल तर कोठेतरी गळती आहे. तेव्हा 'गॅस भरणे' एवढीच ओळ असलेले अंदाजपत्रक कितीही स्वस्त असले तरी अपुरे आहे आणि गळती शोधून ती जागा दाखवणारे, दुप्पट रकमेचे अंदाजपत्रक न्याय्य असू शकते. लक्षणावर पैसे घेणे आणि कारणावर पैसे घेणे यांत फरक आहे. 'गाडी मिसिंग करते', 'सेल्फ मारत नाही' ही आपण सांगितलेली लक्षणे झाली. कागदावर तीच परत उमटली असतील तर निदान अजून झालेलेच नाही, असे समजावे.

तिसरा मुद्दा शब्दार्थाचा. 'ओरिजिनल' या शब्दाइतका संदिग्ध शब्द आजच्या गॅरेजी मराठीत दुसरा नसेल. गाडीच्या कंपनीच्या वेष्टनात आलेला भाग हा ओरिजिनल. त्या कंपनीला जो कारखाना तो भाग पुरवतो, त्याने स्वतःच्या नावाने बाजारात आणलेला भागही ओरिजिनल म्हणूनच सांगितला जातो. तिसऱ्याच चांगल्या कारखान्याचा पर्यायी भाग असतो, त्याला कोणी 'लोकल' म्हणतो, कोणी 'ओरिजिनलसारखाच'. आणि चौथा, दुसऱ्याचे नाव छापलेला निव्वळ नकली. या चारांच्या किमती वेगळ्या असणारच. दोन गॅरेजांची अंदाजपत्रके शेजारी ठेवून 'हा लुटतो, तो बरा' असा निकाल देण्यापूर्वी दोघांनी एकाच भागाची किंमत सांगितली आहे काय, हे ठरवावे लागते. भागाचे उत्पादक नाव आणि क्रमांक लिहून मागावा. छापील किंमत वेष्टनावर असतेच. काम झाल्यावर जुना भाग दाखवायला सांगावा आणि वेष्टन घरी न्यावे. इतके केले की अर्धा संशय संपतो.

इथे प्रदेशाचाही विचार हवा. कोष्टक छापणाऱ्याने ते सर्वसाधारण परिस्थितीसाठी छापलेले असते आणि धूळ, उष्णता, सततचे कमी अंतराचे फेरे यांसाठी त्याच पुस्तकात बहुधा वेगळी सूचना असते. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणे नवे नाही. या उष्णतेने बॅटरीचे आयुष्य घटते. त्यामुळे पुण्यातल्या नातेवाइकाची बॅटरी पाच वर्षे टिकली आणि आपली तीनमध्येच गेली, म्हणून मिस्त्रीने फसवले असा अर्थ काढू नये. मात्र बॅटरी बदलण्यापूर्वी ती भार देऊन तपासणारे उपकरण लावून दाखवा, असे जरूर म्हणावे. दोष कधी बॅटरीत नसतो. तिला भारित करणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, ज्याला आपल्याकडे अजूनही डायनॅमो म्हणतात त्यात, असतो. हिंगणघाट, देवळीच्या रस्त्यांवर कापसाच्या हंगामात उडणारी धूळ आणि तंतू एअर फिल्टरमध्ये किती साठतात, हे तो फिल्टर उन्हासमोर धरला की कळते. फिल्टर बदलावा ही सूचना येथे कोष्टकाच्या आधी आली तरी ती रास्त असू शकते.

टायरांची गोष्ट याहून गंभीर आहे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण रस्ता वाहता झाला. येळाकेळी किंवा विरूळला वर चढले की सिमेंटच्या सरळ रस्त्यावर मोटारीला ताशी १२० किलोमीटरपर्यंतची मुभा आहे. गावात चाळीसच्या वेगाने चालणारे झिजके टायर तिथे जीव घेऊ शकते. मोटारीच्या टायरच्या खाचेची खोली १.६ मिलिमीटरहून कमी नसावी, असा नियम आहे. ती मर्यादा दाखवणारे उंचवटे खाचांतच असतात. टायरच्या बाजूवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. हे चार आकडे वाचता येणाऱ्याला 'टायर बदला' हा सल्ला खरा की विक्रीचा, हे बऱ्याच अंशी स्वतःच ठरवता येते. ब्रेक पॅड, म्हणजे आपल्या बोलीतले लायनर, यांनाही हेच लागू आहे. जाडी मोजता येते. मोजून सांगितलेला खर्च आणि नुसत्या मानेने सुचवलेला खर्च यांत न्याय्य कोणता, हे सांगायला तंत्रज्ञ लागत नाही.

आतापर्यंतचे विवेचन ग्राहकाच्या बाजूचे झाले. दुसरी बाजू न मांडता लेख संपवणे अप्रामाणिक ठरेल. आपण गॅरेजात घासाघीस करतो ती कोणत्या ओळीवर, हे एकदा तपासून पाहावे. समजा, तीन हजारांचा भाग आणि सहाशे मजुरी असा कागद आहे. भागाची किंमत छापील, कर कायद्याने ठरलेला. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट अठरा टक्के जीएसटी आहे. या दोन्हींपुढे आपण मान तुकवतो. उरते ती मजुरी. तिथे आपला आवाज चढतो. सहाशेचे चारशे करून आपण विजयी मुद्रेने बाहेर पडतो, आणि तो तीन हजारांचा भाग बदलण्याची गरज होती काय, हा प्रश्न विचारायचा राहूनच जातो. ज्या ओळीत माणसाचे कौशल्य आहे तीच ओळ आपण छाटतो. मग ती तूट मिस्त्री दुसऱ्या ओळीतून भरून काढू लागला तर त्याला ती वाट आपणच दाखवलेली असते. मजुरी पुरी मिळत नसेल तेथे भाग बदलण्यात फायदा आणि भाग दुरुस्त करण्यात तोटा, असा हिशेब तयार होतो. दुरुस्तीचे कसब त्यातून मरते.

या वृत्तीला आपल्याकडे जुना इतिहास आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या 'गावगाडा' या ग्रंथात बलुतेदारीचे तपशीलवार वर्णन आहे. सुतार, लोहार वर्षभर कुणब्याची औते दुरुस्त करून देत आणि सुगीला धान्याच्या रूपाने बलुते घेत. वरवर पाहता ही व्यवस्था आजच्या वार्षिक देखभाल करारासारखी दिसते आणि काही जण तिचे गोडवेही गातात. पण तिच्यात प्रत्येक कामाचा दर नव्हता, म्हणून कारागिराला 'या कामाचे एवढे' असे म्हणण्याचा अधिकारही नव्हता. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले, तेव्हा त्या शब्दाची दुसरी बाजू मराठी वाचकापुढे आली. श्रमाला किंमत सांगता येणे ही मानाची गोष्ट आहे. अंदाजपत्रकावर 'मजुरी' अशी स्वतंत्र ओळ असणे हे म्हणून केवळ ग्राहकाच्या सोयीचे नाही. ते मिस्त्रीच्या प्रतिष्ठेचेही आहे. हाताला तेल लागलेल्या माणसाचा वेळ मोफत समजणे हा आमच्या पांढरपेशा संस्काराचा भाग आहे, असे आम्हांला वाटते.

लहान गॅरेजवाल्याची आणखी एक अडचण आपण लक्षात घेत नाही. नव्या गाड्यांतला दोष वाचायला संगणकीय उपकरण लागते, तांत्रिक माहिती लागते, अस्सल भाग लागतात. या तिन्हींची वाट कंपन्यांनी आपल्या अधिकृत केंद्रांपुरती अरुंद ठेवली होती. २०११ मध्ये याविरुद्ध तक्रार झाली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना दोषी धरून एकूण अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. स्वतंत्र गॅरेजांना भाग आणि उपकरणे न मिळाल्याने स्पर्धा मारली जाते, हा त्या निर्णयाचा गाभा होता. प्रकरण पुढे अपिलात गेले. २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने काही कंपन्यांचा दंड कमी केला, पण दोष कायम ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'दुरुस्तीचा अधिकार' या नावाने एक संकेतस्थळ सुरू केले. त्यात मोटारींबरोबर शेतीची अवजारेही आहेत. आर्वीच्या किंवा समुद्रपूरच्या मिस्त्रीला ज्ञान नाकारले गेले, तर आपल्याला गाडी घेऊन नागपूर गाठावे लागते आणि तिथे जो आकडा सांगितला जाईल तो ताडून पाहायला दुसरा आकडाच उरत नाही. न्याय्य दर ठरतो तो दोन जाणकारांच्या मतांत तुलना करता येते तेव्हा. म्हणून जवळचा मिस्त्री टिकणे ही आपलीही गरज आहे.

कायद्याने ग्राहकाला काही आधार दिलेले आहेत. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ साली झाला. त्याच्या जागी आलेला २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून अमलात आहे. या कायद्यानुसार केलेल्या सेवेचे बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला शुल्क नाही. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. परंतु 'बिल नको, म्हणजे कर वाचेल' असे म्हणून कच्च्या चिठ्ठीवर पैसे देणाऱ्याला यांतल्या कोणत्याही दारावर उभे राहणे कठीण जाते. कागद नाकारणारा ग्राहक आपला पुरावा स्वतःच्या हाताने फाडत असतो.

स्वस्त म्हणजे न्याय्य, हे समीकरण यासाठी सोडले पाहिजे. काही इंजिनांत टायमिंगचा पट्टा असतो. पुस्तकात दिलेल्या अंतराला तो बदलायला येणारा खर्च अवाच्या सवा वाटतो. पण तो वेळीच न बदलता चालू गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत आतले भाग एकमेकांवर आदळून इंजिनच निकामी होते. इथे मोठा आकडा सांगणारा मिस्त्री आपला हितचिंतक असतो आणि 'चालतेय तोवर चालू द्या' म्हणणारा तोंडपुज्या. अंदाजपत्रक न्याय्य कोणते, याचे आमचे उत्तर एवढेच आहे : ज्यात दोष कोणता, तो कसा कळला, भाग कोणता आणि कोणाचा, श्रम किती, हे चार प्रश्न वेगवेगळे वाचता येतात आणि ज्यातल्या प्रत्येक ओळीला 'का?' विचारले तर उत्तर मिळते, ते. आणि न्याय्य ग्राहक कोण? जो हे चार प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी विचारतो, आणि उत्तर पटल्यावर मजुरीचे पैसे न कुरकुरता मोजतो.

भाषेच्या वर्गात आपण मुलांना कविता वाचायला शिकवतो, समीक्षा वाचायला शिकवतो. बिल, पावती, करारनामा, औषधाची चिठ्ठी हे मजकूर मात्र अभ्यासक्रमाच्या खालच्या दर्जाचे मानून सोडून देतो. 'व्यावहारिक मराठी' या नावाखाली अर्ज आणि इतिवृत्त यांपलीकडे आपण फारसे जात नाही. ज्या विद्यार्थ्याचा बाप ट्रॅक्टर दुरुस्तीच्या कागदावर निमूटपणे अंगठा किंवा सही करतो, त्याला त्या कागदातल्या ओळी सोडवून दाखवणे हे आमच्या मते मराठीच्या अध्यापकाचेच काम आहे. एखाद्या तासिकेला एक खरे अंदाजपत्रक, नाव-पत्ता झाकून, फळ्यावर लिहावे आणि त्यातली प्रत्येक संज्ञा विद्यार्थ्यांकडून उलगडून घ्यावी. अनेकांच्या घरी गॅरेज असते, मोटार वाइंडिंगचे दुकान असते. त्या तासाला ती मुले बोलतील आणि आपण ऐकू.

राहता राहिली ती तसबीर. ती काढायला कोणाला सांगण्याचा आमचा इरादा नाही. तिच्या शेजारी नेहमीच्या दहा कामांची मजुरी लिहिलेला एक साधा फलक मात्र लागावा. ग्राहकाला देव मानणाऱ्या वाक्यापेक्षा त्या फलकाने ग्राहकाची आणि मिस्त्रीची, दोघांचीही अधिक सोय होईल. १९२९ च्या त्या पाच टक्क्यांच्या अटीशी अधिक इमान राखणाराही तोच असेल.